भाड्याची खोली आणि पावतीवरचं नाव

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर तव्याकडे लक्ष ठेवा, कारण आज मी जरा लांबण लावणार आहे.

गेल्या महिन्यात आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्जाचा अर्ज ठेवला. गडहिंग्लजला लागून असलेल्या गावात, कॉलेजच्या रस्त्याला त्यांचं घर. घराच्या बाजूला थोडी मोकळी जागा आहे. तिथं कॉलेजच्या मुलांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधायच्या. आधी दोन, मग त्यांच्या भाड्यातून आणखी दोन, असं करत सहा खोल्या. "म्हशीला चारा लागतोय, पाणी लागतंय, डॉक्टर लागतोय. खोलीला काय लागतंय? पैली तारीख आली की भाडं," असं त्या म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. पण कर्ज द्यायचं का, किती द्यायचं, यावर अर्धा तास वाद झाला. मी संयोजक म्हणून वही घेऊन बसले होते आणि माझ्या डोक्यात सारखी माझी आजी येत होती. खोलीला काय लागतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसेल.

म्हणून आज भाड्याच्या खोल्यांचा इतिहास सांगते. बी.ए.ला माझा विषय इतिहासच होता, पण लढाया आणि तह पाठ करण्यात तीन वर्षं गेली. खोलीचं भाडं काही त्यात आलं नाही. हा इतिहास घडला मुंबईत. पण आजरा, चंदगड, गडहिंग्लज, तिकडं सावंतवाडी, रत्नागिरी, साताऱ्याकडं असं एकही गाव नसेल की जिथला कुणी गिरणीत नव्हता. म्हणून तो आपलाही आहे.

मुंबईत पहिली कापड गिरणी काढायची खटपट कावसजी दावर यांनी १८५४ साली केली. पुढं १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसातलं युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. व्यापाऱ्यांच्या हातात न मावणारा पैसा आला. तो शेअरमध्ये गेला, जमिनीत गेला. १८६५ ला युद्ध थांबलं, कापूस कोसळला, शेअरचे कागद कवडीमोल झाले, पेढ्या बुडाल्या. जमिनीचे भावही उतरले, पण जमीन जागेवर राहिली. मग गिरण्या वाढत गेल्या, माणसं येत गेली, आणि लालबाग-परळच्या बाजूला चाळी उभ्या राहिल्या. लांबच लांब व्हरांडा, ओळीनं खोल्या, टोकाला सगळ्यांचा मिळून नळ आणि संडास. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त भाडेकरू बसवायची ही रचना होती.

आता यातला पैसा कसा फिरायचा ते बघा. मालक बरेचदा स्वतः भाडं गोळा करत नसे. अख्खी चाळ तो एखाद्याला ठोक रकमेवर द्यायचा. तो मुख्य भाडेकरू मग खोल्या सुट्या करून चढ्या भाड्यानं द्यायचा. खोली घेणाराही एकटा राहत नसे, तो आपल्या गावची चारसहा माणसं ठेवून घ्यायचा. म्हणजे एकाच खोलीवर तिघं कमावत होते, आणि ते सगळं निघत होतं गिरणी कामगाराच्या पगारातून. १८९६ ला प्लेग आला तेव्हा याच कोंदट खोल्यांमधून माणसं पटापट गेली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी इतकी चढली की १९१८ साली सरकारला भाडं आवरायचा पहिला कायदा करावा लागला. मग १९२० ला गव्हर्नर लॉईड यांनी ठरवलं, आता सरकारच चाळी बांधेल. त्यासाठी कर्जरोखे काढले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. बेत होता ५० हजार खोल्यांचा. झाल्या सोळा हजारांच्या आसपास. त्याच या बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ इमारती. आणि गंमत अशी की खोल्या तयार झाल्या तरी कितीतरी वर्षं त्यातल्या पुष्कळ रिकाम्या राहिल्या. भाडं कामगाराला परवडेना, वरळी गिरणीपासून आडबाजूला, सिमेंटच्या खोल्या उन्हाळ्यात तापायच्या. १९३० च्या सत्याग्रहात तर वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला होता. सरकारजवळ पैसा होता, इंजिनिअर होते, जमीन होती. तरी खोली भरली नाही, कारण भाडेकरूला काय परवडतं आणि त्याला कुठं राहायचंय हे आधी विचारलं नव्हतं. आपल्याकडं कॉलेजच्या रस्त्याला आधीच किती खोल्या आहेत आणि त्यातल्या किती रिकाम्या, हे मोजायला तर एक दुपार पुरते.

यानंतर आला १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं, तेच प्रमाण धरून भाडी गोठवली. त्या वेळी ते गरजेचं होतं. युद्ध, महागाई, फाळणीनंतर आलेले निर्वासित. मालकांनी लोकांना रस्त्यावर आणलं असतं. पण कायदा राहिला तो राहिलाच. महागाई वाढत गेली, पगार वाढत गेले, आणि खोलीचं भाडं दहा-अकरा रुपयेच. एवढ्या भाड्यात मालक गिलावा तरी कशाला करेल? त्यानं दुरुस्ती सोडून दिली. भाड्यात जे मिळेना ते तो पागडीतून काढू लागला: खोली देताना एकरकमी मोठा पैसा, पावती नसलेला. कायद्यानं पागडी गुन्हा होती आणि व्यवहारात तीच रीत होती. चाळी पावसाळ्यात पडू लागल्या, माणसं दगावली, तेव्हा १९६९ साली कायदा करून दुरुस्तीचं मंडळ नेमलं आणि इमारतींवर त्यासाठी वेगळा कर लावला, ज्याला मुंबईत सेस म्हणतात. म्हणजे मालकानं भाड्यातून जो वाटा खोलीसाठी ठेवायला हवा होता, तो शेवटी सरकारनं कर म्हणून गोळा केला. पुढं १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली आणि पागडीलाही मान्यता मिळाली.

आता आजीची गोष्ट.

आजोबांचे चुलत भाऊ आधी गिरणीत लागले. त्यांनी लालबागला एक खोली घेतली, भाड्याची पावती त्यांच्या नावावर. पाठोपाठ आजोबा गेले. थोरले काही वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गावाला परतले आणि खोली आजोबांच्या ताब्यात राहिली. लग्नानंतर आजी तिथं गेली. दहा बाय बाराच्या त्या खोलीत तिनं खानावळ सुरू केली. बारा-चौदा माणसं जेवायला असायची, सगळी आपल्याच बाजूची. पाळीप्रमाणं यायची, जेवून जायची. चारपाच जण व्हरांड्यात झोपायचे. पहाटे तीनला उठून ती स्टोव्ह पेटवायची. खोलीचं भाडं ती भरायची. व्हरांड्याचा पत्रा फुटला तर तिनं बदलला. मोरीला फरशी तिनं बसवली. मालकाचा मेहता पहिल्या आठवड्यात यायचा, ती पदराच्या गाठीतून पैसे काढून द्यायची, आणि तो पावती फाडायचा थोरल्या दिरांच्या नावानं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नाव कुणाचं आहे हे तिला ठाऊक होतं. "नावाचं काय गं, घरातलंच माणूस," असं ती म्हणायची.

याच गिरणगावात तेव्हा दुसरंही एक घडत होतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ ला झालं होतं, पण बँकेच्या दारात खानावळवालीला कोण उभं करणार? प्रेमाताईंनी बायकांचे गट केले, एकमेकींची हमी घ्यायला लावली आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून त्यांना कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांना बँकेशी जोडायचा नाबार्डचा पहिला प्रयोग १९९२ चा, पाचशे गटांचा. त्याच्या सतरा वर्षं आधी मुंबईच्या खानावळवाल्या हे करत होत्या. आजी त्यात नव्हती. तिच्या गल्लीपर्यंत ते पोचलं नव्हतं, की पोचलं होतं आणि आजोबांनी नको म्हटलं, हे आता कुणाला विचारणार?

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. जेवायला येणारी माणसं एकेक करून गावाला गेली, उधारी ठेवून गेली. आजीनं आठ महिने डोरलं विकून खोलीचं भाडं भरलं. दुसऱ्या वर्षी आजोबा गावी आले. लगेच थोरल्या दिरांच्या मुलांनी खोली पागडीनं दुसऱ्याला दिली. रीतीप्रमाणं काही हिस्सा मालकानं घेतला, उरलेला त्या मुलांनी. पावती त्यांच्या वडिलांच्या नावाची, त्यामुळं बोलायला जागाच नव्हती. सत्तावीस वर्षं भाडं भरलेल्या माझ्या आजीला मिळाला एक पितळी स्टोव्ह आणि भाताची दोन मोठी पातेली. ती पातेली आमच्याकडं अजून आहेत, बारशा-लग्नाला शेजारी मागून नेतात.

ही एका घराची गोष्ट झाली. पण त्याच मुंबईत काही लोकांनी नावाचा हा घोळ आधीच ओळखला होता. गोव्याच्या खलाशांचे आणि नोकरदारांचे कूड बघा. धोबीतलाव, गिरगावच्या बाजूला गोव्याच्या एकेका गावानं मिळून जागा घेतली. गावच्या माणसानं महिन्याला थोडी वर्गणी भरायची आणि मुंबईत असेल तेव्हा पेटी ठेवायला, पाठ टेकायला हक्काची जागा. जागा एकट्याची नाही, कूडाची. आपल्या बाजूच्या गावकऱ्यांचे लालबाग-परळचे गाळेही याच तऱ्हेचे. नियम असायचे, वर्गणीची वही असायची, गणपतीला गावी जाताना हिशेब वाचला जायचा. जिथं वही नीट राहिली तिथं गाळा टिकला.

आणि १९१५ साली गावदेवीला तर याहून पुढची गोष्ट झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. सभासदांनी भाग घेतले, संस्थेनं कर्ज काढून इमारती बांधल्या, आणि सभासद आपल्याच संस्थेला भाडं भरू लागले. भाडेकरूही तेच, मालकही तेच. आता, ते शिकलेले, नोकरीवाले लोक होते हे खरं. खानावळवालीला असं कुणी बोलावलं नाही. पण बचत गटाची बाई ही वही बघताक्षणी ओळखेल: भाग, वर्गणी, कर्ज, हप्ता, सभा, ठराव.

बैठकीत परत येते. ताईंच्या खोल्यांचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला. आकडे आमच्या भागातले, तुमच्याकडं वेगळे असतील, पण रीत तीच. समजा संडास-बाथरूमसह दोन खोल्यांना चार लाख लागले. एका खोलीचं भाडं दोन हजार, म्हणजे दोन्हींचे महिन्याला चार हजार. मुलं उन्हाळ्यात गावाला जातात, म्हणून वर्षाचे दहाच महिने धरायचे. झाले चाळीस हजार. त्यातून घरपट्टी, रंग, नळाची गळती, मोटर, फुटलेली काच यांना सहा हजार. हातात उरले चौतीस हजार. चार लाखांवर वर्षाला चौतीस हजार म्हणजे शेकडा साडेआठ.

आता कर्ज. गटाचं अंतर्गत कर्ज महिन्याला शेकडा दोननं, म्हणजे वर्षाला चोवीस. चार लाख गटातून उचलले तर पहिल्याच वर्षी शहाण्णव हजार व्याज, आणि खोली देणार चौतीस. बँकेनं बारा टक्क्यांनी दिलं तरी पहिल्या वर्षीचं व्याज सत्तेचाळीसच्या आसपास. तेही भाड्यात बसत नाही. मग निम्मे पैसे स्वतःचे घातले आणि दोनच लाख कर्ज घेतलं तर? दहा वर्षांची मुदत मिळाली तर हप्ता २,८७० रुपये, वर्षाला साधारण ३४,४००. भाडं जेमतेम हप्त्याला पुरतं, हातात काही नाही. आणि पाच वर्षांची मुदत असेल तर हप्ता ४,४५०, वर्षाला ५३ हजारांवर. म्हणजे दरवर्षी एकोणीस हजार दुधातून नाहीतर मजुरीतून घालायचे.

फळ्याकडं बघून बैठक शांत झाली. मग एका मावशींनी विचारलं, "मग कर्ज न काढता एकच खोली बांधली, आणि तिच्या भाड्यातून दुसरी?" तेही मांडलं. दोन लाखांची एक खोली, वर्षाला हातात सतरा हजार. दुसऱ्या खोलीचे दोन लाख साठायला जवळजवळ बारा वर्षं. मावशी म्हणाल्या, "तवर मी आसंन का?" पण यात खोटं काही नाही. खोलीतून खोली वाढते, पण आंब्याच्या झाडासारखी, कोथिंबिरीसारखी नाही. कुणी तुम्हाला पाच वर्षांत सहा खोल्या करून दाखवतो म्हणाला, तर त्याला हा फळा दाखवा. दुधाचे, शिलाईचे पैसे सोबत घातले तरच वाट कमी होते.

आणि ते सहा हजार. ताईंच्या पहिल्या हिशेबात ते नव्हतेच. मुंबईच्या मालकांनीही नेमका तोच वाटा सोडून दिला. त्यांना कायद्यानं भाग पाडलं म्हणा, पण खोली कायदा बघून गळायची थांबत नाही. मी गटांना सांगते, भाडं हातात आलं की त्यातला हा वाटा वेगळ्या डब्यात, नाहीतर गटाच्या खात्यात वेगळा लिहायचा. घरखर्चाला त्याला हात लावायचा नाही.

करारनाम्याचंही बोलणं निघालं. "पोरं हायत, त्यास्नी कसला कागद?" असं बहुतेकींचं म्हणणं. १९९९ चा कायदा जिथं लागू आहे तिथं भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, आणि नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, तुम्ही वेगळं सिद्ध करेपर्यंत. शिवाय दंड, कैदेची तरतूद. घरमालक म्हणजे या हिशेबात आपण, हे पहिल्यांदाच लक्षात येऊन दोघीतिघी एकमेकींकडं बघायला लागल्या.

आता राहिलं नाव. मी ताईंना म्हटलं, घराचा नमुना आठचा उतारा घेऊन या. त्या दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीतून घेऊन आल्या. घर आणि जागा सासऱ्यांच्या नावावर. सासरे जाऊन सात वर्षं झाली. गावातल्या घरावर नवराबायको दोघांचं नाव लावायचं, असा शासनाचा निर्णय २००३ सालचा आहे, पण नवऱ्याचंच नाव लागलेलं नाही तर बायकोचं कुठून लागणार? सत्तावीस वर्षांच्या पावत्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले, "आधी वारस नोंद करा, तुमचं नाव लावून घ्या, मग वीट आणा."

ताई म्हणाल्या, "वारस म्हंजे ह्येंच्या बहिणी पण?"

हो, बहिणी पण. १९५६ च्या वारसा कायद्यानं वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला होता. पण त्यातच एक कलम होतं, तेविसावं: राहत्या घराची वाटणी भावांनी मागितल्याशिवाय बहिणीला मागता येत नव्हती. महाराष्ट्रानं १९९४ ला वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क दिला, आणि २००५ ला देशभराच्या दुरुस्तीत तो सगळीकडं आलाच, शिवाय हे तेविसावं कलमही गेलं. ज्या कायद्यानं माझ्या आजीसारखीला बळ मिळतं, तोच कायदा नणंदेचं नाव उताऱ्यावर आणतो. आपली सोय तेवढी घ्यायची आणि नणंदेला हक्कसोड पत्रावर अंगठा करायला लावायचं, हे आमच्याकडं सर्रास चालतं. मी स्वतः दोन ठिकाणी साक्षीदार म्हणून सही केली आहे, आणि ते मला आता बरं वाटत नाही.

त्यावर बैठकीत पुन्हा अर्धा तास गेला. एकीचं म्हणणं, नणंदांना विचारलं तर खोली कधीच होणार नाही. दुसरी म्हणाली, न विचारता बांधली तर उद्या त्यांची पोरं येऊन उभी राहतील, तेव्हा काय करशील. गटानं सध्या ठराव केलाय तो असा: अर्ज फेटाळलेला नाही, उतारा लागेपर्यंत थांबवलेला आहे, आणि कर्ज एकाच खोलीपुरतं, निम्मे पैसे ताईंचे असतील तरच.

ताईंनी दोन्ही नणंदांना फोन केला. धाकटी निपाणीला असते, तिनं लगेच विचारलं, माझ्या वाट्याची एक खोली मीच बांधली तर चालेल का? थोरलीनं काही सांगितलं नाही. ती दिवाळीला येणार आहे.